कंट्रोलर साहेबांनी पारखलेला स्पीकर

अनु आणि ईशान,

परवा अनुचा मेसेज आला. ती तिकडे कॉफीच्या दुकानात गिटार घेऊन गाते, समोर चाळीस-पन्नास माणसं असतात, आणि तिला एकटीला उचलून नेता येईल असा स्पीकर घ्यायचा आहे. तुमच्या बाबांनी तिला सांगितलं की आजीला विचार, तिने या कामात सहा महिने घालवलेत. बाबा चेष्टेने म्हणाले असतील, पण ते खरं आहे. उत्तर चार ओळींत देता आलं असतं. पण तो स्पीकर मी निवडलेला नाही. ज्यांनी निवडला ते गेल्या श्रावणात गेले. त्यांच्याबद्दल मी काही महिने मनात जे धरून बसले होते, ते एकदा नीट लिहून काढावं असं तेव्हापासून वाटत होतं. अनुच्या मेसेजने निमित्त मिळालं. ईशानला गाण्यात रस नसला तरी त्याने वाचावं.

आम्ही त्यांना कंट्रोलर साहेब म्हणायचो. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, आधी मुखेडला आणि मग बरीच वर्षं लातूरला. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली ते माइकवरून पुकारायचं, हे त्यांचं काम. ते माइकवर पुकारत आणि लगेच खोलीतून बाहेर येऊन फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तेच पुन्हा स्वतःच्या गळ्याने सांगत जात. कर्णा चांगला होता. यांचाच त्याच्यावर विश्वास नव्हता. माइकवरचं बोलणं माणसाच्या कानात शिरलं की डोक्यावरून गेलं, हे माइकला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त होईपर्यंत त्यांचा गळा असा तयार झाला होता की जिन्यात बोलले तरी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बघत.

विश्वास ही गोष्टच त्यांच्याकडे कमी होती. औषधाची गोळी एका दुकानातून घेत आणि दुसऱ्या दुकानात दाखवून मगच गिळत. आमच्याकडे आले की भिंतीवरचं घड्याळ, माझ्या मनगटावरचं आणि स्वतःचा मोबाइल, तिन्ही बघत आणि जे सगळ्यांत पुढे असेल ते खरं धरत. चहात साखर घातली आहे असं सांगितलं तरी चमचा तळाशी फिरवून खात्री करत. कुठल्याही हॉलमध्ये दाराजवळची खुर्ची त्यांची. आणि वस्तूवर छापलेला आकडा दिसला की त्यावर बोट ठेवून तो झाकत. "आकडा छापणाऱ्याचा आसतो," म्हणत, "कान आपला आसतो."

आमचं मंडळ तेव्हा सात बायकांचं होतं. भजनं, गवळणी, थोडी भावगीतं. कुणाची वास्तुशांत, एखाद्या सोसायटीचा हॉल, एखादं वाचनालय. पन्नास-साठ माणसं, फार तर ऐंशी. मुख्य गाणारी म्हणजे तुमची मोठी आजी, माझी थोरली जाऊ. तिला मी अक्का म्हणते, आणि पुढे सगळं मंडळच म्हणू लागलं. मी गात नाही. मी टाळ वाजवते, तारखा ठरवते, वही ठेवते. कॉलेजात इंग्रजी शिकवून जी शिस्त अंगात भिनली ती इथे वापरते. कंट्रोलर साहेब निवृत्तीनंतर नांदेडला आले होते, त्यांची बायको आमच्यात होती. ती गेल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी ते आले आणि मागे तिच्या जागी बसले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी उठवलंही नाही. अक्का ओळ म्हणायची आणि ते ती मागून उचलून पुन्हा म्हणायचे. भजनात ही पद्धतच असते. पण त्यांच्या गळ्यामुळे माइक नसला तरी शेवटच्या माणसाला शब्द कळत. इतकी वर्षं आमचा स्पीकर तेच होते, असं म्हटलं तरी चालेल.

मग अक्काच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, अक्का ठणठणीत झाली, पण आवाज बारीक झाला. तिसऱ्या रांगेच्या पुढे जाईना. दोन वर्षं आम्ही तसंच रेटलं. एकदा एका वास्तुशांतीत मागच्या बायका आपसांत गप्पा मारू लागल्या, आणि घरी येताना रिक्षात अक्का म्हणाली की आता पुरे, मी थांबते. पन्नास वर्षं गाणारी बाई रिक्षाच्या आवाजात हे म्हणाली आणि बाहेर बघत बसली. मी त्याच आठवड्यात मंडळापुढे ठेवलं की एक छोटा स्पीकर घ्यायचा. आवाज आतूनच मोठा करणारा, वेगळ्या यंत्राची गरज नसलेला, मला एका हाताने दुसऱ्या मजल्यावर नेता येईल असा.

कंट्रोलर साहेब म्हणाले, "मी बघून देतो. तुम्हाला फसवतील."

नांदेडातल्या पहिल्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदाराने उत्साहाने मोबाइलवरून एक सिनेमाचं गाणं लावलं. काच थरथरली. साहेबांनी हात वर केला, गाडी थांबवावी तसा.

"आधी त्याला गप्प बसवा."

दुकानदाराने गाणं बंद केलं. साहेबांनी स्पीकर चालूच ठेवायला लावला, बटण अर्ध्याच्या वर नेलं आणि जाळीला कान लावून उभे राहिले. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मग म्हणाले, "काही न सांगता बी बोलून राहिलाय हा. सूं सूं." मी कान लावला. खरंच, बारीक फुसफुस येत होती. अक्का दोन ओळींमध्ये थांबली असती तर ती मधली जागा या फुसफुशीने भरून गेली असती. हा धडा मला पटला. अनु, दुकानात गाणं ऐकण्याआधी स्पीकरची शांतता ऐक. बरेच स्पीकर तिथेच गळतात.

त्यांची दुसरी परीक्षा माझ्यावर होती. माइक माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "मॅडम, हजेरी घ्या." मला वाटलं थट्टा आहे. नव्हती. मी समोरच्या कपड्याच्या दुकानाकडे तोंड करून दहा नावं वाचायची, ते रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहणार आणि परत येऊन ऐकू आलेली नावं सांगणार. मी शिंदे, सय्यद, सोनकांबळे अशी सुरुवात केली. दोन रिक्षावाल्यांनी आपापली नावं सांगून हजर असल्याचं कळवलं. साहेब परत आले आणि त्यांनी सहा नावं सांगितली. उरलेली चार नावं स्पीकरने खाल्ली होती. गाण्यात ढोलकीखाली असं खाल्लेलं कळत नाही, नावांत लगेच कळतं.

इथपर्यंत मी त्यांची शिष्या झाले होते. मी एक तक्ता केला: वजन, दोन माइक लागतात का, दोघांना वेगळं बटण आहे का, बॅटरी किती वेळ, माइकजवळ नेल्यावर शिट्टी मारतो का, आणि शेवटी साहेबांचा शेरा. पाच महिन्यांत सहा स्पीकर झाले. आणि एका दुपारी तो तक्ता वरून खाली वाचताना माझ्या लक्षात आलं की काहीतरी बरोबर नाही.

पहिले तीन खरोखर वाईट होते. त्यांचे शेरे एकमेकांशी जुळत होते. पुढचे तीन चांगले होते. मी स्वतः ऐकले होते. नावं दहाच्या दहा पोहोचली होती. ते तिन्ही साहेबांनी नाकारले, आणि कारणं अशी: चौथा "लई कोरडा", पाचवा "लई ओला", सहावा "बरा हाय, पण भरवसा न्हाई". पेपर तपासताना असं दिसलं की आपण समजतो, मुलाने उत्तर आधी ठरवलंय आणि कारण नंतर शोधलंय.

मी ढोलकी वाजवणाऱ्या बाईंना तक्ता दाखवला. त्यांचा संशय माझ्या आधीच तयार होता. साहेब हल्ली लातूरला बघू, लातूरला बघू म्हणत होते. लातूरच्या दुकानदाराशी त्यांचं काहीतरी साटंलोटं असणार. मला ते पटलं नाही, पण माझा संशय त्याहून कडू होता. स्पीकर आला की मागून ओळ उचलायची गरज संपणार. बायको गेल्यावर या माणसाला आठवड्यातून एकदा बसायला जी जागा मिळाली, ती जाणार. म्हणून अक्का थांबली तरी चालेल, पण स्पीकर येऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलंय. हे मी कुणाला बोलले नाही. पण तेव्हापासून मी त्यांच्याकडे तसंच बघू लागले. ते चहात चमचा फिरवायचे आणि मला वाटायचं, दुसऱ्याला तपासणारा माणूस स्वतःला किती छान लपवतो.

लातूरला जायचं ठरलं तेव्हा मी मुद्दाम अक्कालाही बरोबर घेतलं. तिच्यासमोर नाही म्हणून दाखवा, असा माझा हिशेब होता. साहेबांना ते आवडलं नाही. अक्कांना उन्हाचं कशाला, असं दोनदा म्हणाले. एसटीत आमच्या मागच्या सीटवर बसले आणि मुरूड गेलं की काय असं विचारत राहिले. मुरूड लातूरच्या पलीकडे आहे आणि त्या रस्त्याला लागतच नाही, हे नियंत्रक राहिलेल्या माणसाला माहीत नसणार का? त्यांचं लक्ष भलतीकडेच होतं.

लातूरचा दुकानदार तिशीतला मुलगा. त्याची आणि साहेबांची ओळख होती, पण साटंलोटं काही दिसलं नाही, उलट त्यांना बघताच त्याने स्वतःहून मोबाइल खिशात घातला आणि म्हणाला, "या काका. गप्प बसलेलाच दाखवतो." त्याने मांडलेला स्पीकर नऊ किलोचा, आठ इंची, बॅटरीवर चालणारा. शांततेत पास झाला. हजेरीत पास झाला. शिट्टी मारली नाही. मग मी साहेबांना काही बोलू न देता माइक अक्काच्या हातात दिला.

अक्काने नेहमीची गवळण धरली, नेहमीच्या पट्टीत. पेटीवरची काळी चार. पहिली ओळ आली. तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. दुसरी ओळ वर चढते. ती चढायला लागली आणि त्याच क्षणी दुकानाच्या मागच्या कोपऱ्यातून साहेबांनी ती ओळ उचलली, तिची संपायच्या आत, पूर्ण गळ्याने. त्यांच्या आवाजाखाली स्पीकर ऐकू येईनासा झाला. अक्का थांबली. दुकानदार त्यांच्याकडे बघत राहिला.

"न्हाई जमत," साहेब म्हणाले. "लई उघडा हाय हा."

अक्काला दुकानात बसवून मी त्यांना बाहेर घेऊन गेले. रस्त्याच्या कडेला उभं राहून मी इतक्या वर्षांत त्यांना बोलले नव्हते तसं बोलले. तुमची जागा जाईल म्हणून तुम्ही एका बाईचं गाणं बंद करायला निघाला आहात, असं सरळ म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आजूबाजूला बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हळू बोलताना ऐकलं.

"अक्का वर चढताना सूतभर खाली लागून राहिल्यात, मॅडम. ऑपरेशनपासून. मी वरून झाकून घेतो. चांगला स्पीकर आला की ते गावभर ऐकू जाणार."

मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलं.

"तुम्ही तक्त्यात लिहिलं आसतं."

माझा विश्वास बसला नाही. बोलणं इतकं सोयीचं होतं की बसणंच शक्य नव्हतं. जागा वाचवणारा माणूस याहून चांगलं कारण कुठून आणणार? माझा कान सुरांचा नाही, हे त्यांना माहीत होतं. आम्ही रिकाम्या हाताने नांदेडला परतलो.

तेव्हा मी एक गोष्ट केली, ती तुम्हाला सांगताना मला अजून बरं वाटत नाही. पुढच्या शनिवारी मंडळ बंद आहे असा निरोप मी फक्त त्यांना पाठवला. बाकी सगळ्या जमलो. मला अक्काला त्यांच्याशिवाय ऐकायचं होतं. अक्काने तीच गवळण धरली. पहिली ओळ म्हटली. दुसऱ्या ओळीपाशी आली, खाकरली, पाणी मागितलं आणि म्हणाली की आज दुसरं काहीतरी घेऊ. दुसऱ्या गाण्यातही वरची जागा आली तशी तिने अंतराच सोडून दिला. मला सूत कळत नाही. पण टाळाटाळ कळते. ती मी तीस वर्षं वर्गात बघितली आहे.

सगळ्या गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो. मी लातूरचं बोलणं तिला सांगितलं. वाटलं, ती दुखावेल. ती काडी मोडत राहिली.

"माझा गळा हाय तो," ती म्हणाली. "मला कळत नसंल का? ते मागं आसतात म्हणून मी वर जाते. ते झाकून घेतात, ते बी कळतं. दोघं गप्प होतो."

मी म्हटलं, मग पट्टी खाली घ्या. काळी चारची काळी दोन करा.

"ती बाप्यांची पट्टी. आणि त्या पट्टीत माझा आवाज इतका बारका निघतो, मलाच ऐकू येत नाही. लोकांना काय जाणार?"

मुलांनो, मी वहीवाली बाई आहे. दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या की मला दिसतं. पट्टी खाली घेतली तर सूर लागतो पण आवाज पोहोचत नाही. स्पीकर घेतला तर आवाज पोहोचतो पण वरचा सूर उघडा पडतो. एकेकटं काहीच उपयोगाचं नव्हतं, दोन्ही मिळून होतं. सहा महिने आम्ही सगळे त्यातलं एकेक टोक धरून एकमेकांवर संशय घेत होतो. अक्काला तिच्या पट्टीचा अभिमान होता, तो सोडायचा की गाणं सोडायचं, एवढाच प्रश्न उरला होता. आणि तो मी सोडवू शकत नव्हते. पट्टी खाली आणि स्पीकर, दोन्ही एकदम, एवढंच मी तिला सांगितलं आणि मेथी धुवायला उठले.

त्यानंतरच्या शनिवारी कंट्रोलर साहेब आले. तिन्ही घड्याळं बघितली. बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मागल्या शनिवारी बंद होतं म्हणता. खाली चपला सहा जोड होत्या."

मी पाणी आणायला उठले. माझ्या पाठीमागे अक्काने पेटीवर काळी दोन धरली. मी दारातच थांबले.

"साहेब," ती म्हणाली, "आजपास्नं ही पट्टी. आता माझ्या मागून म्हणू नका."

ढोलकीवाल्या बाई ढोलकीच्या कड्या उगाच घट्ट करू लागल्या.

"मग मी करू काय?"

"शेवटच्या खुर्चीवर बसा. ऐकू आलं का ते सांगा. खोटं सांगू नका."

"खोटं बोलणं मला जमत न्हाई, अक्का."

"दोन वर्षं जमलं की."

ते हसले नाहीत. मग उठले, आपली सतरंजीवरची जागा सोडून दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले, आणि म्हणाले, म्हणा.

स्पीकर लातूरचाच घेतला. या वेळी हजेरी झाली नाही. अक्का काळी दोनमध्ये गायली, अगदी हळू, आणि साहेब रस्ता ओलांडून पलीकडे गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. दुकानदाराने तेवढ्यात दुप्पट वॅटचा आकडा छापलेला दुसरा स्पीकर दाखवून बघितला. अक्काचा बारीक आवाज त्यात जाडा आणि परका झाला. साहेब परत आले तेव्हा त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. नऊ किलोवाल्यावर हात ठेवून म्हणाले, "हा अक्कांचाच आवाज देतो. पदरचं काही घालत न्हाई." तेव्हा अनु, तुझ्यासाठी हेच: तू मोठ्याने गातेस तेव्हा नाही, सगळ्यांत हळू गातेस तेव्हा कोणता स्पीकर तुला तुझ्यासारखी ठेवतो ते बघ. आणि ऐकायला रस्त्यापलीकडे अशा माणसाला उभं कर, जो तुझी स्तुती करायला आलेला नाही.

पहिला कार्यक्रम मुखेडला झाला, वाचनालयाच्या हॉलमध्ये, बाजाराच्या दिवशी. माणसं भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून बसली होती. साहेब शेवटच्या रांगेत, दाराजवळ. मी टाळ वाजवत होते, पण माझं लक्ष त्यांच्यावर होतं. खरं सांगायचं तर माझा संशय अजून पुरता गेला नव्हता. वर चढायची ओळ आली की त्यांना राहवणार नाही, असं मला वाटत होतं. गवळणीची दुसरी ओळ आली. ते खुर्चीतून अर्धे उठले, तोंड उघडलं. आणि मिटलं. अक्का त्या जागेवर एकटी पोहोचली, थोडी थांबली आणि खाली आली. हॉलमध्ये पिशवीचा आवाज नव्हता. साहेब पुन्हा बसले आणि त्यांनी तळहात किंचित खाली केला, म्हणजे ढोलकी कमी करा.

कार्यक्रमानंतर अक्का काही ऐकायला मिळेल म्हणून त्यांच्याकडे बघत होती. ते म्हणाले, शब्द समजले. एवढंच. मी लातूरच्या रस्त्यावर त्यांना जे बोलले त्याची मला माफी मागायची होती. मी तयारीही केली होती. त्यांनी मला मध्येच तोडलं आणि विचारलं की परतीची गाडी साडेपाचची आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं, आणि ते खात्री करायला स्टँडवर निघून गेले. माफी राहिली ती राहिलीच. नंतर ते लेकीकडे लातूरला राहायला गेले, दर महिन्याला येत, आणि गेल्या श्रावणात बातमी आली.

स्पीकर माझ्याकडे आहे. बॅटरी पाच तास चालायची, ती आता दीड तास चालते. मंडळात आम्ही पाच जणी उरलो आहोत. तुमची मोठी आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ती काळी दोनमध्ये गाते, आणि शेवटच्या रांगेत ऐकू येते.